अडीनडीचा पैसा: रिक्षा आणि शिलाई मशीनवर चालणाऱ्या घरचा हिशेब

सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा, असं पैशाचं ज्ञान देणारा प्रत्येक माणूस सांगतो. ऐकायला बरं वाटतं. आमच्या घराला ओढूनताणून महिन्याला १९ हजार लागतात. सहापट केले तर १ लाख १४ हजार. महिन्याकाठी हजार रुपये मागं पडले तर तेवढे जमायला साडेनऊ वर्षं. तोवर पोरगी कॉलेजात, रिक्षा भंगारात, आणि पंचगंगेला किती पूर येऊन गेलेले असतील देव जाणे.

म्हणून हा हिशेब आम्ही दुसऱ्या टोकानं धरतो. महिने मोजायचेच नाहीत. विचारायचं एवढंच, की घरावर येणाऱ्या कुठल्या अडचणीला आज संध्याकाळच्या आत रोख पैसाच लागतो, आणि कुठली अडचण हातानं, माणसानं किंवा घरातल्या वस्तूनं निभते? पहिल्या जातीच्या अडचणींपुरता पैसा साठवायचा. दुसऱ्या जातीसाठी पैसा अडकवून ठेवायचा नाही, तिथं कसब आणि ओळखी लागतात. या दोन्हींची गल्लत झाली की एक तर माणूस मिक्सरच्या भांड्यासाठी ठेव मोडतो, नाहीतर छातीत दुखत असताना ओव्याचा अर्क पीत बसतो.

आधी आमची परिस्थिती सांगते, म्हणजे तुमच्याशी ताडून बघता येईल. आमचे हे रिक्षा चालवतात. मी घरी साडीला फॉल-पिको करते, ब्लाउज शिवते आणि गल्लीतल्या बचत गटाची वही लिहिते. राहतो कोल्हापुरात, पंचगंगेजवळच्या शुक्रवार पेठेच्या खालच्या अंगाला, भाड्याच्या दोन खोल्यांत. नवरात्रात अंबाबाईला येणाऱ्या भाविकांमुळं रिक्षाला उसंत नसते, लग्नसराईत माझ्या मशीनला. पावसाळा लागला की दोन्ही थंड. पगारदाराचा सल्ला आम्हाला का लागू पडत नाही, ते यात आलं.

पहिलं काम: मागची दोन वर्षं कागदावर काढा

एका रात्री जेवणं आटोपली की बसा. दवाखान्याच्या फायली, मोबाइलवरून दिलेल्या पैशांची यादी, किराणा दुकानाची वही, असेल तर डायरी. न सांगता आलेला प्रत्येक मोठा खर्च लिहा. मोठा म्हणजे किती, ते तुमच्या घरावर आहे. आमच्याकडं पाचशेच्या वरचा.

लिहून झालं की पहिल्यांदा त्यातले खोटे पाहुणे बाहेर काढा. जूनमधली वह्या-पुस्तकं, रिक्षाचा विमा आणि पासिंग, दिवाळी, भाचीचं लग्न. हे अचानक आलेले नसतात, त्यांची तारीख आधीपासून ठरलेली असते. आमच्या यादीतला निम्म्याहून जास्त पैसा असल्याच खर्चाचा निघाला. यांची वर्षाची बेरीज करून बाराने भागायची आणि तेवढे पैसे दर महिन्याला वेगळ्या डब्यात टाकायचे. अडीनडीच्या पैशाला त्यांचा हात लागू द्यायचा नाही. रिक्षाच्या विम्याला पैसे नाहीत म्हणून दवाखान्याचे पैसे मोडणारी घरं मी गटात बघते. आणि नेमकं त्याच महिन्यात कुणीतरी आजारी पडतं.

उरलेल्या यादीत रोकडीचं काय राहिलं? आमच्याकडं तीनच गोष्टी. दवाखाना. रिक्षा बंद पडून मिळकत थांबणं. आणि पुरात घर सोडावं लागणं. बाकी सगळं, म्हणजे कुकरची रिंग, गळकं पत्र्याचं छप्पर, संपलेला सिलिंडर, दारात उभे चार पाहुणे, फाटलेलं दप्तर, हे निभवून नेण्यातलं.

मग या तीन गोष्टींना प्रत्येकी एकदा किती लागलं ते बघा आणि त्यातला सर्वांत मोठा आकडा धरा. तिन्ही एकाच महिन्यात येतील असं धरलं तर परत लाखाकडं जाल आणि हातपाय गाळून बसाल. आमचा आकडा २५ हजार निघाला. त्यातले ५ हजार घरात, २० हजार बँकेत.

पैसा कुठं ठेवायचा

रोजची मिळकत असलेल्या माणसाला महिन्याची बचत जमत नाही, रोजचीच जमते. रात्री हे गल्ला माझ्या हातात देतात, त्यातून आधी सीएनजीचे, मग ५० रुपये पिग्मीचे, आणि उरलेल्यात घर. पिग्मीवाला एजंट दारात येतो, पावती देतो, आणि तो आला की लाजेनं तरी ५० निघतात. धंदा झाला नाही त्या दिवशी २० द्या, पण शून्य नको. महिन्याला हजार-बाराशे असे बसतात.

पिग्मीचं खातं काढताना दोन गोष्टी विचारा. मुदतीआधी पैसे काढले तर व्याज जातं का, आणि वर काही कापतात का. बऱ्याच ठिकाणी कापतात. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: हे खातं बँकेचं आहे की पतसंस्थेचं? बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, ठेव विमा महामंडळाचं संरक्षण आहे. २०२० पासून ते एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. आपल्याकडं गल्लोगल्ली पतसंस्था आहेत, ओळखीचे संचालक असतात, व्याज अर्धा-एक टक्का जास्त मिळतं. त्यात बाकीचा पैसा ठेवायचा तर तुमची मर्जी. अडीनडीचा पैसा मात्र बँकेत किंवा पोस्टात. ज्या दिवशी लागेल त्याच दिवशी हातात आला नाही, तर जास्तीचं व्याज काय चुलीत घालायचं आहे?

पोस्टाची आरडी चांगली, महिना १०० रुपयांपासून सुरू होते, पण ती पाच वर्षांची. बारा हप्ते नीट भरले की जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं. ती पुढची पायरी, २५ हजार भरून झाल्यावरची. भिशी मला आवडते, बायका एकत्र येतात, चहा-पोहे होतात. पण भिशीचा नंबर तिच्या वेळेला लागतो आणि अडचण तिच्या वेळेला येते. भिशीच्या पैशातून कपाट घ्या, पंखा घ्या. अडचणीसाठी तिच्यावर विसंबू नका.

बचत गटाचं अंतर्गत कर्ज हा मधला रस्ता आहे. व्याज दरमहा टक्का-दोन टक्के, पण ते आपल्याच गटात राहतं. गटात हप्ता वेळेवर भरणाऱ्या बाईला अडचणीत कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही. वही माझ्याकडं असते म्हणून सांगते: न मागता वर्षभर नुसती बचत करणाऱ्या बाईची पत वहीत दिसते, आणि ती पत म्हणजे निम्मा अडीनडीचा पैसाच.

घरातल्या ५ हजारांच्या नोटा सुट्या ठेवा. १०, २०, ५० आणि १००च्या. का, ते पुराच्या भागात येतंच.

दवाखान्याचं गणित

रेशन कार्ड आणि आधार कार्ड यावरचं नाव, जन्मसाल सारखं आहे का, ते आज बघा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार अंगीकृत, म्हणजे योजनेत घेतलेल्या, रुग्णालयात बिनपैशाचे होतात, पण ठरलेल्या यादीतल्या आजारांवरचे आणि शस्त्रक्रियांचे. तापाचं सलाइन, साधी तपासणी, दाढ काढणं यात येत नाही. रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, भरती करतानाच त्याच्याकडं जायचं. आधी रोखीनं भरती होऊन मग योजनेत घाला म्हणालात तर हेलपाटे. सीपीआर, म्हणजे इथलं सरकारी रुग्णालय, तर आहेच.

मग रोकड कशाला लागते? योजनेत ऑपरेशन होतं, पण सोबतच्या माणसाचं जेवण, येणं-जाणं, बाहेरून आणलेली एखादी गोळी आणि बुडालेला धंदा योजनेत नसतो. रिक्षा आठ दिवस उभी राहिली तर तो खर्च बिलापेक्षा मोठा. आम्ही आकडा धरताना हाच धरला आहे.

दोन स्वस्त विमे घ्यायचेच. प्रधानमंत्री सुरक्षा विमा, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख. जीवन ज्योती, वर्षाला ४३६ रुपये, कुठल्याही कारणानं मृत्यू आला तरी २ लाख. हा १८ ते ५० वयात काढता येतो. पैसे मे महिन्याच्या शेवटी खात्यातून आपोआप जातात, म्हणून त्या आठवड्यात खात्यात ५०० रुपये असू द्या. ४५६ रुपयांत दोन्ही होतात. रिक्षावाल्याच्या घरात हे नसेल तर बाकीचं सगळं वाचणं सोडा आणि आधी बँकेत जा.

कसबाची कोठी

आता ज्याला पैसा लागत नाही ते. यावर लोक हसतात, पण आमच्या घरात पावसाळा यानंच निघतो.

सर्वांत मोठी कोठी म्हणजे वर्षाची चटणी. होळीनंतर लक्ष्मीपुरीत नवी मिरची येते तेव्हा घ्यायची. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. देठं काढून दोन-तीन कडक उन्हं दाखवायची, मिरची बोटात मोडली की कट्‌ असा आवाज आला पाहिजे. कांदा उभा चिरून उन्हात वाळवून मग तेलात तांबूस तळायचा, ओला तसाच घातला तर चटणीला पावसाळ्यात बुरशी. खोबरं, तीळ, धणे, जिरं आणि खडा मसाला वेगवेगळा भाजायचा. एकत्र भाजणारी बाई तीळ जाळते आणि धणे कच्चे ठेवते. लसूण सालासकट. मग डब्बा घेऊन डंकावर, म्हणजे मिरची कांडायच्या मशीनवर. डंकावर रांग असते, नंबर लावून समोर बसायचं, आपलीच मिरची आपल्याच डब्यात पडते का बघायला. घरी आणून बरणीत दाबून भरायची, मधेमधे हिंगाचे खडे आणि वर फडकं बांधायचं. ज्या महिन्यात भाजी परवडत नाही त्या महिन्यात या चटणीवर तेल आणि कच्चा कांदा घेतला, की भाकरीबरोबर एक वेळचं जेवण होतं. पिठलं, आमटी, मटकीची उसळ, सगळ्याला तीच. एप्रिल-मेमध्ये सांडगे, पापड, कुरडया झाल्या की ऐन पावसात भाजीचे दर वाढले तरी आमच्या ताटाला फारसा फरक पडत नाही. हा खर्च उन्हाळ्यात होतो, लग्नसराईची मिळकत हातात असताना. हे जमवून आणलेलं आहे, योगायोग नव्हे.

दुसरं, सुई-दोरा. जुन्या साड्यांची वाकळ शिवून पाहुण्यांची गादी-पांघरुणं भागतात. चांगली जमली तर शेजारीण विकतही घेते. शाळेच्या गणवेशाला शिलाईतच दोन इंच दाब ठेवला तर पुढच्या जूनला पँट उसवून लांब होते. दप्तराची चेन गेली म्हणजे दप्तर गेलं, असं मानायचं नाही. चेनचा फक्त रनर बदलायचा असतो, काही रुपयांचं काम. शिवण येत नसेल तर ती येणाऱ्या बाईशी अदलाबदल करा. माझ्याकडं एक काकू ब्लाउज टाकतात आणि त्या बदल्यात पोरीचं गणित घेतात. त्यात कुणाचाच खिशात हात जात नाही.

तिसरं, रिक्षा. क्लच वायर, एक्सिलेटर वायर, एक प्लग आणि पाना यांच्या सीटखाली कायम असतो. वायर भररस्त्यात तुटली तर गाडी ओढून न्यायचा खर्च आणि दिवस दोन्ही वाचतात. मोठ्या कामाला उद्यमनगर. तिथं लेथवर नवा बूश करून मिळतो, अख्खा सुटा भाग घ्यायची गरज पडत नाही. पण त्यासाठी मिस्त्री ओळखीचा लागतो, आणि मिस्त्री ओळखीचा होतो तो बिल वेळेवर दिल्यानं. उधारी ठेवणाऱ्याची गाडी दुपारपर्यंत कोपऱ्यात उभी राहते, हे यांनी डोळ्यांनी पाहिलंय.

कुठं जुगाड करायचा नाही, हे ठरवायला आमचा एक प्रश्न आहे: हे ठिगळ सुटलं तर काय जाईल? फक्त वस्तू जाणार असेल तर खुशाल ठिगळ लावा. शरीर किंवा मिळकत जाणार असेल तर पैसे मोजा. म्हणून ब्रेक, गॅसची नळी, घरातली वायरिंग, बीपीच्या गोळ्या आणि दाढ यांत काटकसर नाही. दाढेचं तर विशेष. सुरुवातीला नुसती भरून घ्यायची दाढ लवंग चावत वर्षभर ढकलली, की रूट कॅनॉल आणि वर टोपी. पट धरा, आणि मला सांगा बचत कशात झाली.

उसनवारीलाही रीत आहे. वाटीभर साखर गेली तर वाटी भरून परत जाते, थोडी शिगोशीग. किराणावाल्याची वही चांगल्या महिन्यात १० तारखेच्या आत मिटवायची, म्हणजे वाईट महिन्यात तो नुसतं मान हलवून साहित्य बांधतो. खासगी सावकार आणि मोबाइलवर मिनिटात कर्ज देणारी अॅपं, दोन्हींच्या सावलीला उभं राहायचं नाही. फारच वेळ आली तर बँकेत सोनं तारण. सोनं गुजरीतल्या सराफाकडं मोडलं तर गेलं. तारण ठेवलेलं सोडवून आणता येतं, अट एवढीच की सोडवायची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल पेनानं लिहिलेली पाहिजे.

नदीकाठच्यांसाठी

पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट, धोका ४३. उंचावर राहणाऱ्यांना हे नुसते आकडे. आम्ही राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले यावर स्वयंपाकाचं ठरवतो. ३५ फुटांना कागदपत्रं प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत. ३७ला शिलाई मशीनचं डोकं टेबलावरून सोडवून मोटरसकट माळ्यावर. लोखंडी पाय पाण्यात राहिला तरी चालतो, डोकं आणि मोटर भिजली तर धंदा गेला. ३९ला गादी-धान्य वर, रिक्षा राजारामपुरीतल्या ओळखीच्या दारात. ४१ला आम्ही घराबाहेर. नेसत्या वस्त्रानिशी पळायची वेळ येऊ द्यायची नाही, पळापळीत जे राहतं तेच पुन्हा विकत घ्यावं लागतं.

२०१९च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१च्या जुलैमध्ये पुणे-बंगळूर महामार्ग पाण्यानं बंद पडला. २०१९ला पाण्याचे टँकर, पेट्रोलची टंचाई, वीज नाही. वीज नाही म्हणजे मोबाइल नाही, मोबाइल नाही म्हणजे स्कॅन करून पैसे देणं नाही. अशा दिवशी पाचशेची नोट दाखवली तर दूधवाला सुटे नाहीत म्हणतो, आणि त्याचंही खरं असतं. म्हणून घरातले ५ हजार सुटे. जूनमध्ये मोजायचे, कमी असतील तर भरायचे, आणि दसऱ्याला यातले जास्तीचे परत बँकेत.

काढलेला पैसा परत कसा भरायचा

काढताना दोघांचं हो लागतं. वहीत तारीख, रक्कम, कारण. कारण लिहायला लाज वाटली तर तो खर्च अडीनडीचा नव्हे. परत भरताना दामदुप्पट करू नका; पिग्मी ५०ची ७० करा आणि ती नवरात्रात किंवा लग्नसराईत १०० करा. एकदम दोनशे ठरवले की आठवड्यात मोडतं, गटात हे कायम बघते.

राहिला नातेवाइकांचा प्रश्न, आणि तो सगळ्यांत अवघड. तुमच्याकडं २५ हजार आहेत हे कळलं की दिराच्या मेहुण्याला गाडी घ्यायची असते. आम्ही आकडा कुणाला सांगत नाही, सासूबाईंनासुद्धा नाही. त्यांच्या पोटात राहत नाही. कुणी मागायला आलंच तर अडीनडीच्या पैशातून उसने देत नाही. वेगळ्या डब्यात दोन हजार असतात, त्यातले पाचशे-हजार परतीच्या बोलीशिवाय देतो आणि "एवढेच आहेत वहिनी" म्हणून चहा टाकतो. दवाखान्याची खरी नड असेल तर हे रात्री अडीचलासुद्धा रिक्षा काढतात, भाडं घेत नाहीत, आणि मी डबा पोहोचवते. त्यात आमचे पैसे जागेवर राहतात आणि नातंही.